पाण्याचा वार

इनायत, तू म्हणाला होतास, बाटलीभर आण.
आणली होती. विमानतळावर काढून घेतली,
टोपलीत टाकली, कुणाच्या तरी शांपूशेजारी.
एक लिटर अटलांटिक.
रजिस्टरात लिही: गळती.

ला रोशेल. नाव मला अजून नीट येत नाही, शर्वरी हसते.
बंदराच्या तोंडाशी दोन बुरूज,
पूर्वी रात्री मधली साखळी ओढून घ्यायचे, गाव बंद.
मी म्हटलं, हा तर आपलाच व्हॉल्व्ह, फक्त आडवा.
ती म्हणाली, बाबा, याच दारातून जहाजं आफ्रिकेला जायची,
तिथून माणसं भरून पार पलीकडे,
आणि साखर घेऊन परत.
त्या दिवशी मी कॉफीत साखर घातली नाही.
दुसऱ्या दिवशी घातली. खोटं कशाला बोलू.

आणि पाण्याचं वेळापत्रक!
छापील, खिशात मावणारं, वर्षभराचं.
भरती सहा बारा. ओहोटी बारा एकवीस.
आणि पाणी येतं, इनायत. सहा बाराला.
धक्क्यावर उभं राहून मी तीन दिवस तपासलं.
ना नगरसेवकाचा फोन,
ना रिकामे हंडे घेऊन दारात आलेल्या बाया,
ना जलूदला लाइट गेली म्हणून उद्या.
चिखलात कलंडलेल्या होड्या
एकेक करून सरळ होतात,
स्टँडवर पेंगणारी माणसं बस लागल्यावर उठतात तशा.

एकतीस वर्षं आपण चावी फिरवली.
बियाबानीला पाऊण तास, खातीपुऱ्याला सव्वा.
नर्मदा आपली समुद्राकडे निघालेली,
आपण तिला मध्येच गाठून घाट चढवला
आणि वाटली, एक दिवसाआड.
तिथं उभं राहून वाटलं,
एवढ्या मोठ्या घराचं आपण देणं लागतो.
शर्वरी म्हणाली, तो समुद्र वेगळा, बाबा.
मी म्हटलं, आत कुठेतरी लाइन जोडलेली असणार.

मादाम नावाचं एक बेट आहे.
ओहोटीला वाट उघडी पडते, चालत जाता येतं.
परतायची वेळ मी बघतो म्हणालो,
माझ्याइतकं कोण बघणार.
घड्याळ इंदूरचं. हिवाळ्यात तिच्या फोनसाठी
साडेचार तास वजा करायची सवय लागलेली,
उन्हाळ्यात साडेतीन करायचे असतात.

वाटेवर पाणी दोन्हीकडून आलं,
आवाज न करता, मध्ये भेटलं.

सहा तास. एक लांबडा पाव, अर्धी बाटली पाणी,
लांब कुणाच्या तरी चार मेंढ्या.
शर्वरी चिडली नाही. बुटातली वाळू झटकत म्हणाली,
लहानपणी पहाटे जाग यायची
तेव्हा नळाला पाणी असायचं आणि तुम्ही नसायचात.
मला वाटायचं, दोन्ही एकदम घरात येत नाहीत.

मी शिंपल्यानं वाळूत रेघा ओढत बसलो.
मग तिला सांगितलं, त्या पहाटे
आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह मी दोन मिनिटं जास्त ठेवायचो.
तुलाही हे कधी सांगितलं नव्हतं, इनायत.
सुपरवायझर वारला, आता चालेल.
ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.
रात्री नऊला वाट उघडली. तिकडे तेव्हाही ऊन होतं.

बाटली गेली, पण मीठ आलंय.
रे नावाच्या बेटावरचं, करडं, ओलसर,
मोज्यात बांधून बॅगेच्या तळाशी.

आज पाण्याचा वार. ये.
पहिला गढूळ पेला सोडून देऊ,
दुसऱ्यात याच्या दोन चिमटी.
ढवळ. पी.
तू काय म्हणशील ते मला माहीत आहे,
मिशी पुसत, पेला खाली ठेवत:

प्रेशर कम है, शेलार.