पोहता येणाऱ्यांची यादी

मे संपत आला होता, पारा चव्वेचाळीसवर,
आणि पंचायत समितीचा निरोप :
पुराचा आराखडा एकतीसच्या आत.
कपाटातून मागच्या वर्षीची फाइल काढली.
आत पालीची दोन अंडी,
आणि पान चारवर दुसऱ्याच तालुक्यातल्या गावाचं नाव,
जे नकलून घेताना कुणी खोडलं नव्हतं.
नदी तेवढी आमचीच होती. सीना.

एक ते आठ रकाने सोपे.
लोकसंख्या, जनावरं. गरोदर बायका आशाताईंना तोंडपाठ.
सखल भागातली घरं बेचाळीस.
बोटी : निरंक.
दोर : एक, मंडपवाल्याचा, लग्नसराई सोडून.
निवारा : जिल्हा परिषद शाळा, खोल्या चार,
चावी गुरुजींकडे,
गुरुजी जुळे सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावर.

रकाना नऊ :
पोहता येणाऱ्यांची नावे.

जुन्या यादीत सात होती. छत्री उघडून निघाले.
इराप्पा चाकणला, कंपनीच्या गेटवर.
लायकअली मुजावरांच्या गुडघ्याची वाटी बदललेली.
धाकटा बनसोडे म्हणाला, माझं नाव घातलं कुणी?
मला विहिरीत वाकून बघायचीसुद्धा भीती वाटते.
अंबादास भोई वारले.
त्यांच्या सुनेनं तांब्या पुढे केला, अर्धा भरलेला,
आणि हळूच विचारलं,
यादीत नाव असल्याचं काय मिळतं का?

नवी पोरं शिकणार कुठे?
विहिरींचा तळ दिसतो, तळात बेडूकही नाही.
सीनेत वाळूवाल्यांचे खड्डे.
पारावरचे हसतात :
कसला पूर घेऊन बसलाव मॅडम,
प्यायला घोटभर न्हाई इथं.

महादेवी कुंभार मडक्यांच्या ढिगाआडून बोलली.
लिव्हा माझं. मला येतंय की.
वय? बहात्तर असंल.
कंबरेला वाळका भोपळा बांधून बापानं ढकललं होतं डोहात,
तवा डोह होता.
त्या भादव्यात रात्री पाणी दारात आलं
तर हा गडी गोठ्यात दावी सोडत बसला,
गाठी भिजलेल्या, म्हशी ओढतायत.
ती छातीभर पाण्यातनं गेली, हातात विळा.
सोडायचं न्हाई ओ, कापायचं.
तेव्हापासून त्यांच्या मेढीला विळा टांगलेला असतो.
आराखड्यात विळ्याला रकाना नाही.
मी दोरखंडाखाली लिहिला, बारीक अक्षरात.

सात जूनला रंगीत तालीम.
पंचायतीच्या छतावर नवा भोंगा.
सकाळी अकराला शिपायानं कळ दाबली,
मी घड्याळ लावलं.

चार मिनिटं.
चार मिनिटांत सगळं गाव शाळेच्या पटांगणात,
म्हातारेकोतारे, बाळंतिणी, शेंबडी पोरं,
सखल भागातली बेचाळीसच्या बेचाळीस घरं,
आणि प्रत्येकाच्या हातात घागर.

टँकर कुठाय? कुणीतरी ओरडलं.

मंडल अधिकारी माझ्याकडे बघत राहिले.
मी भोंग्याकडे.
कुणी शिव्या दिल्या, कुणी हसलं,
एका बाईनं रिकामी कळशी आपटली
आणि तिचा आवाज भिंतीवर जाऊन परत आला.

महादेवी मात्र उन्हात बसून होती, मांडीवर घागर उपडी.
तिच्या बुडावर बोटं वाजवत म्हणाली,
आणल्यात ते चांगलंच की.
रिकामी घागर बुडत न्हाई.
तोंड खाली धरायचं, छातीशी, घट्ट.
पोराला सुदिक धरती.

त्या संध्याकाळी सोलापूरला जाऊन
गुरुजींच्या चावीच्या तीन नकला केल्या,
नव्वद रुपये, पावती जोडली आहे.
एक महादेवीच्या गळ्यातल्या दोऱ्यात आहे.

अहवालात लिहिलं :
प्रतिसाद कालावधी चार मिनिटे.
उपलब्ध साधने : घागरी, तीनशे बारा.

परवा कागद परत आला.
घागरींखाली लाल रेघ,
आणि बहात्तरच्या आकड्यासमोर प्रश्नचिन्ह.
खुलासा करावा, असं म्हटलंय.

खिडकीतून तिच्या आव्याचा धूर दिसतो.
टँकर आज आला नाही.
पश्चिमेला थोडंसं काळं आहे,
धूर असेल, किंवा नसेल.
खुलासा अजून लिहिला नाही.