उणे ऐंशी

फ्रीझरचं दार उघडलं की आधी धुकं पायांवर येतं,
मग खोके. पस्तीस वर्षांचे.
शुक्रवारपर्यंत रिकामा करायचा आहे.
ग्लासगोतली ही इमारत पाडणार आहेत,
क्लाइडकाठच्या नव्या जागेत मला खुर्ची नाही
हे त्यांनी केक कापून सांगितलं.

वरच्या कप्प्यात मांजरं.
म्हणजे त्यांचं रक्त, करंगळीच्या पेराएवढ्या नळ्यांत,
आणि माझं तेव्हाचं अक्षर,
ताठ, मिरजेच्या शाळेत गिरवलेलं:
मर्डो, पार्टिक, मार्च ८९.
मिसेस गिलख्रिस्टांचा बोका. हिरड्या सडलेल्या,
कान मारामारीत फाटलेला.
हा विषाणू दातांतूनच जातो, एका बोक्यातून दुसऱ्यात.
"रात्री मी दार उघडं ठेवायचे, म्हणून का?"
त्यांनी विचारलं होतं.
मी नाही म्हणाले.
पुराव्याशिवाय दिलेलं माझं ते एकच उत्तर.

खालच्या कप्प्यात माणसं.
मांजरांना नावं, माणसांना आकडे,
नियमच तसा होता.

चारशे सतरा.
गोव्हनचा पोरगा, चोविशीचा, बाप गोदीत वेल्डर.
गुरुवारच्या ओपीडीत त्यानं स्वतःच शर्ट वर केला:
पाठीच्या कण्यापासून पुढे
डाव्या बरगडीवर पाणीदार फोडांचा पट्टा.
डॉक्टर फार्कुहारसन नुसतेच माझ्याकडे बघत राहिले.
या वयात हा पट्टा म्हणजे काय, ते दोघांनाही कळत होतं.
माझ्या तोंडून निघून गेलं, नागीण.
म्हणजे काय, त्यानं विचारलं.
सांगितलं. आमच्याकडे तिला गेरू फासतात.
तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपला, म्हणतात.
तो हसला. "मग अजून किती उरलंय?"

मी म्हणाले, ती मधली रेष ओलांडत नाही,
अर्ध्यातच थांबते, हे शास्त्र आहे.
खरंच होतं.
उरलेलं अंतर दुसराच कुणी कापत होता,
न सरपटता, आवाज न करता,
पहारेकऱ्यांच्याच पेशींत घर करून.

त्या रात्री कोश उघडला.
हर्पीस: ग्रीक, सरपटणं.
आपला सर्प त्याचा सख्खा भाऊ.
एकाच बिळातून निघालेले दोन शब्द
गोव्हनमधल्या एका बरगडीवर पुन्हा भेटले होते,
आणि हे सांगायला मला कुणी नव्हतं.

नंतर आयुष्यभर मी एवढंच विचारत राहिले:
निजलेलीला जागं कोण करतं?
उत्तराचे तुकडे आहेत, तिसऱ्या खोक्यात.
लशीवर अकरा वर्षं गेली.
टोचलेली मांजरं न टोचलेल्यांआधी आजारी पडली.
त्यावर चार पानं छापून आली,
ते नियतकालिकही आता बंद पडलं.
गोळ्या आल्या शहाण्णव साली.
चारशे सतराची शेवटची नळी त्र्याण्णवची आहे.

गेल्या आठवड्यात सरकारी पत्र आलं:
आपण पासष्ट वर्षांच्या झालात,
नागिणीची लस घ्यावी.
(त्यांनी अर्थात नागीण म्हटलं नव्हतं.)
नर्स नवी होती, हाताने उबदार.
"ही कशासाठी असते, माहीत आहे ना?"
थोडंफार, म्हटलं.
"लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

सातव्या वर्षी. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं.
मी उठले, खेळायला गेले.
ती नाही उठली.
माझ्या कण्याशी वेटोळं करून
अठ्ठावन्न वर्षं निजली आहे,
मी तिच्यावर निबंध लिहीत असतानाही.

दंड अजून दुखतो आहे.
त्याच हाताने नळ्या ट्रेमध्ये लावते.
एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं,
मग वहीत आकड्यापुढे एकच शब्द: नष्ट.
मर्डोपुढे लिहून झाला.
चारशे सतरापाशी पेन उमटेना,
गारठलं असावं.
मुठीत धरून बसले आहे.