कंसात

एकतीस वर्षं विधानभवनात लघुलेखन केलं.
दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या,
दोन बाजूंच्या बरोबर मध्ये, खाली, आमचं टेबल.
तिथून दोन्हीकडचे पाय तेवढे सारखे दिसायचे.

लोक विचारतात, आतून कशी असतात ही माणसं?
मला माणूस वेगावरून कळतो.
मोतीराम तांडेल, मिनिटाला सत्तर शब्द.
जाळं ओढताना हाताला काही जड लागावं
तसे मध्येच थांबायचे;
तेवढ्यात माझी पेन्सिल बदलून व्हायची.
अच्युत देवळेकर एकशे चाळीस.
संतापले की एकशे साठ, आणि व्याकरण बिनचूक.
त्यांचा राग घरून इस्त्री होऊन यायचा.

गोदीच्या जमिनीचं विधेयक होतं त्या दिवशी
देवळेकर तांडेलांच्या बापाबद्दल एक शब्द बोलले.
अध्यक्ष म्हणाले, काढून टाका.
काढला. टंकलेल्या प्रतीत तीन टिंबं.

रात्री नऊला प्रतिवेदकांच्या खोलीचं दार वाजलं.
देवळेकर. चष्मा हातात.
"बाई, तुमच्या वहीत आहे ना तो अजून?"
वाटलं, आता खोडायला सांगणार.
"राहू द्या. कुठेतरी असायला हवा.
सकाळपर्यंत मी स्वतःची समजूत घालीन
की तसं बोललोच नव्हतो. मी मला ओळखतो."

दुसऱ्या दिवशी ते उठले
आणि त्यांचा सगळ्यात कमी वेग मी नोंदवला:
मिनिटाला एकतीस.
तांडेल म्हणाले, "ऐकलं."
एवढंच. माफ केलं, असं नाही म्हणाले.
पुढचा प्रश्न पुकारला गेला.

तेव्हा कंसात (हशा) लिहायची वेळ पुष्कळदा यायची.
कधी दोन्ही बाजूंचा.
तो कुठल्या अधिवेशनात संपला
ते मला सांगता येणार नाही,
संपताना काही कोणी ठराव मांडला नाही.
मग (गोंधळ) आला. आधी ओळीपुरता,
मग पानभर, मग कामकाज तहकूब आणि
पावणेबाराला आम्ही कँटीनमध्ये, समोर गार उपमा.
शेवटच्या वर्षांत सगळ्यांचा वेग एकच, एकशे ऐंशी.
मान वर केल्याशिवाय कळेना, बोलतंय कोण.
आणि वर केली तर
समोरच्या बाकाकडे कुणाचीच नजर नाही,
सगळे कॅमेऱ्याकडे.

वह्या नियमाप्रमाणे नष्ट होतात. तीही झाली.
तो शब्द आता फक्त माझ्या बोटांत आहे:
एक जाड रेघ, शेवटी बारीक आकडा.

निवृत्त झाले तशी
गिरगावातल्या आमच्या इमारतीने
मला इतिवृत्त लिहायला बसवलं. तुम्हाला सवय आहे म्हणून.
गच्चीवरच्या टाकीची सभा.
आमच्याकडे आता टाकीच्या रंगालाही पक्ष असतो.
गळती कुठून, हा विषय तिसऱ्या मिनिटाला बुडाला;
मतदान कुणाला केलं होतं, यावर पाऊण तास.
मीही मध्ये बोलले. माझा वेग मोजला नाही,
पण उपाध्यांच्या सुनेने माझ्याकडे पाहिलं
तेव्हा अंदाज आला.

आणि मग तोच शब्द.
दुसऱ्या मजल्यावरच्या मयुरेशने,
बावीस वर्षांचा असेल, पंधरा नंबरच्या मुकादमांना,
सहज, हसत.
माझी बोटं मांडीवर आधी हलली,
कानांना नंतर कळलं.
काढून टाका म्हणायला कोणी नव्हतं.
मुकादमांनी चप्पल शोधली, सापडायला वेळ लागला,
आणि जिना उतरून गेले.

रात्री इतिवृत्त लिहायला घेतलं.
सवयीने कंस उघडला.
मग तो खोडून
तो शब्द देवनागरीत लिहिला, काना-मात्रेसकट,
पुढे बोलणाऱ्याचं नाव.
त्याच्या वर, वेळेनुसार, माझीही चार वाक्यं,
त्यातलं एक लिहिताना पेन्सिल थांबली होती.

सह्यांसाठी कुणी वर येत नाही.
वही जिन्याच्या कठड्यावर ठेवली आहे,
सुतळीने पेन बांधून.