सुपडाबाईचे शेवट

आधीची तीन लेकरं जगली नाहीत
म्हणून चौथीला सुपात घालून
उकिरड्यापर्यंत ओढत नेलं, परत आणलं.
नाव पडलं सुपडा.
मोठमाय सांगायची,
मी जन्मलेच टाकाऊ मालात,
म्हणून रद्दीचं नि माझं जमतं.

नंदुरबारला, गावाबाहेरच्या पथारीवर
नजर जाईल तिथवर मिरची वाळत पडलेली असते.
तिथे ती देठ खुडायची, किलोच्या भावानं.
मजुरी हातात पडली की घरी नाही,
आधी हातिमभाईच्या रद्दीच्या दुकानात.
तो तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा
असली पुस्तकं, ज्यांची शेवटची पानं
आधीच कुठल्या भज्यांखाली गेलेली.
धड पुस्तक परवडायचं नाही.
बिनशेपटीचं अर्ध्या भावात.

हात दहादा धुतले तरी आग जायची नाही बोटांची.
त्यामुळे थुंकी लावून पान उलटायची सवय
तिला कधी लागलीच नाही.
एक वाळका देठ पानाखाली सरकवायची
आणि अलगद पलीकडे टाकायची,
जशी तव्यावरची भाकरी.

आणि गोष्ट जिथे फाटलेली असेल
तिथून पुढे ती स्वतः लिहायची.
माझ्या वह्यांची उरलेली कोरी पानं,
कणकेची खळ, चिमूटभर मोरचूद,
गोधडीचा दाभण.
साडेतीनशे पानं छापील मराठीत रुसलेली राणी
शेवटच्या सहा पानांत एकदम अहिराणी बोलू लागायची.
'मंग राजानी राणीले इचारं, तू जेवनी का?'
तोवर हे तिला कुणीही विचारलेलं नसायचं.

शेवट झाला की मागच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूनं,
हळद नि चुन्याच्या लाल-पिवळ्यात एक कोंबडी.
राजवाडा असो, खून असो, कोंबडीच.
का गं? विचारलं तर,
'माले तीच जमस.'

पुढे धुळ्याला शिकताना
वाचनालयात सापडली त्यातलीच एक कादंबरी, अख्खी.
तिच्यात नायिका वैशाखातल्या पौर्णिमेला
तापीत चालत जाते, बुडते,
आणि नायक तीन पानं सुंदर रडतो.
मोठमायच्या प्रतीत असं होतं:
'तापीले पानीच नव्हतं. वैशाख व्हता.
पाय धुवाई गयात, तेवढंच.
मंग ती माघारे फिरनी.'

सुटीत आल्यावर सांगितलं मी तिला खरं काय ते.
खुडता खुडता थांबली. नाकावरचा पदर खाली घेतला.
'लिव्हनारानी वैशाखमां तापी दखी नही व्हई,'
एवढं म्हणाली, आणि पुढची मिरची उचलली.
मीही दुसऱ्या दिवशी वाचनालयाचं पुस्तक परत केलं.
दंड भरून.

आता पत्र्याच्या पेटीत एकोणतीस पुस्तकं आहेत.
उघडलं की अजून शिंक येते,
डोळ्यांत पाणी येतं, त्याला
मिरचीचं कारण पुरतं.

एकोणतिसावं अर्धवट आहे.
दीड पान लिहून झाल्यावर
'मंग ती'
आणि पुढे काही नाही.
रिफिल संपली असेल. कुणी हाक मारली असेल.
दूध उतू जात असेल.

मी शिसपेन घेऊन बसलो कितीदा.
माझी अहिराणी आता पाहुण्यासारखी,
चप्पल काढून दाराशीच उभी राहते.
मंग ती घर गई. खोडलं.
मंग ती हसनी. खोडलं.
मंग ती कोनलेच काही बोलनी नही. हेही.

कोंबडी मात्र तिनं आधीच काढून ठेवलेली.
खोडून खोडून कागद इतका झिरझिरीत झालाय
की त्यातून तिचा पिवळा पाय दिसतो,
एक उचललेला.