गो, नो-गो

उद्यमबागेत एकवीस वर्षं माझं काम एवढंच:
ट्रेमध्ये तेल लावलेल्या पिना, हातात दोन कड्या.
एकीतून पिन गेली पाहिजे.
दुसरीतून जाता कामा नये.
बाकी खडूची फुली आणि भंगाराचा डबा.
अनगोळचा मल्लू एकदा रात्रपाळीचा सबंध ट्रे घेऊन
दारात उभा राहिला. म्हणाला,
"साहेब, जरा दाबली की जातीया की."
मी मानही वर केली नाही.
दाबून गेली ती गेली असं धरत नाहीत.

शर्वरीनं मापं वाचून दाखवली:
चाळीस, तीस, वीस.
मोठी बॅग पैसे भरून विमानाच्या पोटात,
ही पाठीवरची तेवढी फुकट, सीटखाली मावली तर.
बंद धरून, चेन धरून, बाहेरचा खिसा धरून.
"टॉलरन्स किती?" मी विचारलं.
"तसलं काही लिहिलेलं नाही, बाबा."
टॉलरन्स नसलेलं ड्रॉइंग
मी उभ्या नोकरीत बघितलं नव्हतं.

इराण्णाकडनं पट्ट्या कापून घेतल्या, चौकट जोडून घेतली.
त्यानं काळा चष्मा कपाळावर चढवला,
"येन्री इदु, कोळी गूडा?"
कोंबड्यांचं नाही गा, म्हटलं, विमानाचं.
तो बराच वेळ चौकटीच्या आत बघत राहिला.

मग चार रात्री हॉलमध्ये तीच बॅग, तीच चौकट.
स्वेटर गुंडाळून गेला, चार्जर बुटात गेला.
शेवटी शकुंतलानं चपला बाहेर काढल्या
आणि कुंद्याचा डबा आत ठेवला.
"चपला तिकडं मिळतील."
कुंदा घट्ट की पातळ, यावर अर्धा तास गेला.
पातळाला शंभर मिली.
तिनं चमचा उभा रोवून दाखवला. पडला नाही.

सांबऱ्याला काट्यावर सहाशे ग्रॅम जास्त भरलं.
काउंटरवरचा पोरगा हलग्याचा निघाला,
माझ्या चुलत मेहुण्याच्या घराला लागून घर.
"जाऊ दे की, काका."
आम्ही त्याला हात जोडले, आणि मला वाटलं
जग असंच असणार, पुढंपर्यंत.

फोन आला तेव्हा इथं रात्रीचे अडीच.
फ्रँकफर्टच्या गेटवर रांग, रांगेच्या तोंडाशी पेटी,
"आपल्यासारखीच, बाबा. पण निळी."
पुढच्या माणसानं तीन जाकिटं चढवलीत,
एक म्हातारी पिशवीतली पुस्तकं ब्लाउजमध्ये कोंबतीय,
आणि गळ्यात रुमाल बांधलेली बाई
कुणाच्या तोंडाकडं बघतच नाही.
तिचं न बघणं मला लगेच ओळखता आलं.

"तळ गेला. वरची चेन अडकलीय.
बासष्ट युरो म्हणतीय."
मी अंधारात गुणाकार केला.
मग अंथरुणात उठून बसून, हळू आवाजात,
शेजारी कुणी ऐकेल असा,
म्हणालो, "दाबून बघ की गे."

तिकडनं पेटीचा आवाज आला, पत्र्याचा.
मग फोन बंद.

झोप कुठली. मग ते आठवलं,
जे शर्वरीला सांगितलं नव्हतं, शकुंतलालाही नाही:
चौकट जोडताना इराण्णाच्या कानाशी
मीच म्हणालो होतो,
एक सूत सैल धर.
पोरगी आहे.

पहाटे मोबाईलवर एकच शब्द.
गेली.
बॅग गेली, की ती गेली,
सरळ की दाबून,
बासष्ट भरून की न भरता,
मी विचारलं नाही. तिनंही नंतर काढलं नाही.
कुंदा मात्र विमानतळावरच संपला म्हणाली,
निम्मा त्या म्हातारीनं खाल्ला.

चौकट आता गच्चीवर असते.
शकुंतला त्यात कांदे पसरते.
तिसऱ्या गेटजवळचे हुंदरे परवा विचारत आले,
पोरगा पोलंडला जातोय, दोन दिवस द्या म्हणून.
मी म्हटलं, ती बरोबर नाही.
ते म्हणाले, असू दे की.
कांदे काढून दिली.