मनगट

सक्करदऱ्याचा सिमेंटचा रिंक,
चाकांचे स्केट्स, मे महिना,
पहाटे साडेपाचलाच जमीन कोमट.
पौनीकर सर म्हणतात, हा बर्फ आहे असं समज.
समजते.

पक ओढून आणते, मनगट वळवते
आणि अंगठ्याखाली, हाडाच्या आत कुठंतरी
गंजल्या कुलपात किल्ली अडावी तसं
फिरतच नाही पुढं.
गोल होतो तरी.

घरी बरणीचं झाकण आईकडे सरकवते.
"काय झालं वं?"
"काही नाही."

संध्याकाळी रसवंतीवाला डोमाजी
गोणपाटातली लादी फोडतो,
मूठभर चुरा रुमालात बांधून देतो, पैसे घेत नाही.
लेहला जायचंय डिसेंबरात.
तोवर माझ्या वाट्याचा बर्फ
एवढाच,
कोपरापर्यंत ओघळणारा,
फाटकाशी पोचेस्तोवर
नुसता ओला रुमाल.