गुणाकार

महापे, रात्रीचे पावणेनऊ. एसी बंद झालाय.
शेडरमध्ये एकच ओळ उरली:
वरचा रंग गुणिले खालचा.

शाळेत गुणाकाराने सगळं वाढायचं.
इथे शून्य आणि एकच्या मध्ये
दोघांनी एकमेकांना गुणलं की
दोघेही उतरतात.
काळ्याशी कोणीही येवो, काळंच.
पांढरा म्हणजे एक,
समोरच्याला तो काही करत नाही.

चाचणीला दोन फोटो हवे होते.
खाली टाकले उलव्याचे टॉवर, परवा काढलेले;
वर आबांचा, पिवळटपणा पुसून स्कॅन केलेला,
गव्हाणच्या मिठागरात, पाटी डोक्यावर.

बटण दाबलं.
मीठ गेलं.
ढीगच्या ढीग, पूर्ण एक,
त्यांच्या जागी बाल्कन्या, वाळत घातलेले टॉवेल.
आबा तेवढे राहिले,
होते त्याहून रापलेले,
पोटऱ्यांपर्यंत सातव्या मजल्यात.

ब्लेसी मागून वाकली:
इथे डाग दिसतोय. बग टाकू?
थांब म्हटलं.
अल्फा पाहिला, कडा पाहिल्या,
एकेक पिक्सेल कागदावर गुणून पाहिला.
डाग सूत्राप्रमाणेच होता.

टाक, म्हटलं.
माझ्या नावावर टाक.